घरच्या वर्कशॉपसाठी टॅप हँडल घ्यावं की टॅपिंग स्टँड?

नाशिकच्या एका हौशी माणसाचा प्रश्न थोडक्यात असा. घराच्या पार्किंगमध्ये एक छोटं लेथ आणि १३ मिमीचं बेंच ड्रिल आहे. सुट्टीच्या दिवशी १२ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियम प्लेटींची फिक्श्चर (काम करताना वस्तू पकडायच्या चौकटी) बनवतात, एका प्लेटीला बारा-चौदा एम४ची (४ मिमी स्क्रूच्या आट्यांची) होलं, सगळी आरपार. महिनाभरात तीन टॅप, म्हणजे होलात आटे पाडायची हत्यारं, तुटले, त्यातला एक अजून प्लेटीतच आहे. आता पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. रॅचेटचं टी-हँडल घ्यावं, उभ्या खांबाचा हाताने फिरवायचा टॅपिंग स्टँड घ्यावा, की ड्रिल मशीनला लावायची टॅपिंग अटॅचमेंट? जाता जाता त्यांनी एक वाक्य लिहिलं आहे: होल ३.२च्या ड्रिलने मारलं, कारण "सेटमध्ये तेच जवळचं होतं."

मी भोसरीत टूलरूममध्ये फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःपुरतं काम करतो. या काळात मी किती टॅप तोडले ते मोजलं नाही, पण का तुटले ते बऱ्यापैकी लक्षात आहे. त्या हिशेबाने सांगतो: तुमचा एक टॅप तरी कोणतंही हँडल हातात घेण्याआधीच, ३.२च्या ड्रिलने तोडला आहे.

एम४चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७ मिमी. व्यासातून पिच वजा केला की ३.३ येतं, तेच त्याचं टॅप ड्रिल. बाजारातल्या बऱ्याच १३ नगांच्या ड्रिल सेटमध्ये मात्र ३, ३.२ आणि ३.५ असतात, ३.३ नसतं. एम५ला लागणारं ४.२ही नसतं. ०.१ने काय बिघडतं, असं वाटेल. एम४च्या नेहमीच्या ६एच बसणीच्या आट्याला आतला व्यास ३.२४२ ते ३.४२२ चालतो, म्हणजे ३.२चं होल मापातच बसत नाही. पूर्ण उंचीचा आटा १०० टक्के धरला, तर ३.३च्या होलात साधारण ७७ टक्के आटा पडतो आणि ३.२च्या होलात ८८. वरच्या त्या टक्क्यांनी स्क्रूची पकड जवळजवळ वाढत नाही, टॅपवरचा पीळ मात्र बराच वाढतो. त्यामुळे पहिली खरेदी हँडलची नाही. २.५, ३.३, ४.२, ५, ६.८ आणि ८.५ ही ड्रिल प्रत्येकी दोन-दोन सुटी आणा आणि वेगळ्या डबीत ठेवा. इतर कामाला त्यांना हात लावायचा नाही. स्टेनलेस किंवा चिवट स्टील असेल तर एम४ला मी ३.४ वापरतो. अॅल्युमिनियमला ३.३ ठीक आहे.

दुसरी गोष्ट, १२ मिमी जाडीत १२ मिमी आटे कशाला? स्टीलमध्ये स्क्रूच्या व्यासाएवढी आट्याची लांबी पुरते. अॅल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट धरा. एम४ला ८ मिमी झालं की आटे जाण्याआधी स्क्रू तुटेल. मागच्या बाजूने ४.३च्या ड्रिलने चार मिमी मोकळं करून घ्या. टॅपचं कामही एक तृतीयांशाने कमी होतं आणि चिप (कातरून निघालेला धातू) साठायची भीतीही कमी होते. ड्रॉइंगमध्ये आरपार आटे दाखवलेत म्हणून आरपार मारायचे, ही सवय मलाही होती. आमच्या फोरमननी ती एका दिवसात मोडली, कशी ते सांगत बसत नाही.

आता हत्याराकडे येऊ.

हाताने टॅप मारताना दोन वेगळी कामं एकाच वेळी चालतात. एक, टॅप होलाच्या रेषेत सरळ उभा धरणं. दोन, तो फिरवणं. साधं हँडल फक्त दुसरं काम करतं, पहिलं तुमच्या डोळ्यांवर आणि मनगटावर सोडतं. स्टँड दोन्ही करतो. तुमचे टॅप कोणत्या कामात तुटले ते आधी ओळखा. तुटलेला तुकडा आणि त्याचं होल नीट पाहा. टॅप पहिल्या तीन-चार फेऱ्यांत तुटला असेल, किंवा होलाच्या तोंडाशी आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ दिसत असतील, तर तो तिरका गेला होता. आत जाऊन, निम्म्याच्या पुढे तुटला असेल तर चिप अडकली, होल लहान होतं किंवा टॅप बोथट झाला होता. पहिल्या प्रकाराला चांगलं हत्यार कामाला येतं. दुसऱ्याला पन्नास हजारांचं हत्यारही येणार नाही.

फिरवण्याबद्दल एक साधा हिशेब लक्षात ठेवा. एम८ टॅपचा गाभा एम४च्या जेमतेम दुप्पट जाड असतो, पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे आठपटीच्या वर जाते. आणि आपण काय करतो? दोघांनाही एकच नऊ-दहा इंची दांड्याचं हँडल लावतो. एम८ला ज्या हाताने फिरवलं त्याच हाताने एम४ फिरवला की तो तुटला हे तुटल्यावरच कळतं. लहान टॅपला लहान हँडल लागतं. दांडा आखूड असला की तुमच्या बोटांना टॅप जड झाल्याचं वेळेत कळतं. एम३, एम४ मी दोन बोटं आणि अंगठा एवढ्यावरच फिरवतो, मूठ वापरतच नाही.

रॅचेटच्या टी-हँडलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सरळ खाचांचा हँड टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवावा लागतो, म्हणजे चिप तुटते. रॅचेटमध्ये प्रत्येक वेळी मागे यायला कळ फिरवावी लागते, नाहीतर टॅप जागेवरच राहतो आणि हँडल नुसतं कटकट करत मागे येतं. शिवाय रॅचेटच्या यंत्रणेत थोडी ढिलाई असतेच, आणि ती नेमकी बोटांना जाणवायच्या गोष्टी खाऊन टाकते. गिअरबॉक्सच्या कोपऱ्यात, जिथे पूर्ण फेरा घ्यायला जागाच नाही, तिथे रॅचेट लागतं. सपाट प्लेटीवर त्याचा काही उपयोग नाही. घ्यायचं तर रॅचेट नसलेलं, चार जबड्यांचं छोटं टी-हँडल घ्या. दोन जबड्यांच्या स्वस्त हँडलमध्ये टॅपचं चौकोनी टोक कोपऱ्यावर पकडलं जातं आणि थोड्याच दिवसांत जबडा गोल होतो.

दुकानात हँडल बघायची माझी पद्धत सांगतो. खिशात एक नवा, सरळ टॅप घेऊन जायचं. हँडलमध्ये आवळायचा, हँडल उभं धरून बोटांवर फिरवायचं आणि टॅपच्या टोकाकडे पाहायचं. टोक वर्तुळात फिरताना दिसलं तर ते हँडल परत द्यायचं. दुकानदार थोडा वैतागतो. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बघू देतात, तुमच्याकडे सातपूर-अंबडच्या दुकानांतही हरकत नसावी. ऑनलाइन घेतलं तर ही तपासणी घरी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

दोन दांड्यांचं सरळ हँडलही लागेल, एम६ ते एम१२साठी. दोन्ही हात समान चालले की त्याच्यासारखं हँडल नाही. एका हाताने चालवलं की त्याच्यासारखा टॅपचा शत्रू नाही, कारण एकाच बाजूने दाबलं की टॅप वाकतो. टॅपचं एचएसएस (हायस्पीड स्टील) कडक असतं आणि वाकणं त्याला मुळीच सोसत नाही.

आता टॅपिंग स्टँड. हा प्रकार मला मनापासून आवडतो, तरी तुम्हाला तो लगेच घ्या असं म्हणणार नाही. त्याची रचना सोपी असते: जाड बेस, उभा खांब, त्यावर वरखाली सरकून आवळता येणारा हात, हाताच्या टोकाला बुशमध्ये मोकळा सरकणारा स्पिंडल, खाली टॅपचं होल्डर आणि वर फिरवायचा दांडा. टॅप तिरका जाऊच शकत नाही. आमच्याकडे एकाच प्लेटीत साठ-सत्तर होलं असली की शिकाऊ पोराला स्टँडवर बसवायचे. तो सकाळपासून दुपारपर्यंत एकही टॅप न तोडता उठायचा. तोच पोरगा हँडलवर तासाभरात एक तोडायचा.

पण त्याच्या मर्यादा लोक विकत घेतल्यावर बघतात. जॉब, म्हणजे ज्यात आटे पाडायचे ती वस्तू, स्टँडखाली गेला पाहिजे. तुमच्या प्लेटी जातील, पण उद्या मोटारच्या बॉडीला किंवा लेथच्या कॅरेजला होल करायचं झालं तर स्टँड उचलून तिथे नेता येणार नाही. जॉबचा खालचा आणि वरचा पृष्ठभाग समांतर हवा, नाहीतर स्टँड तुम्हाला अगदी बिनचूक तिरका आटा मारून देईल. स्पिंडल आणि दांड्याचं वजन थेट टॅपवर येतं. एम६ला ते फायद्याचं असतं, एम३ला भारी पडतं. म्हणून स्पिंडल तोलून धरणारी स्प्रिंग आहे का, ते विचारा. बुशमध्ये स्पिंडल स्वतःच्या वजनाने अलगद खाली यायला हवा, आणि बोटाने बाजूला ढकलला तर डुगडुगायला नको. या दोन गोष्टी एकत्र आणायला चांगलं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) लागतं, आणि स्वस्त स्टँडमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके इथेच.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी स्वतः फसलो आहे. स्टँडसोबत ठरावीक मापाची होल्डर येतात आणि टॅपची दांडी सगळीकडे एका मापाची नसते. आयएसओ ५२९ या मानकाप्रमाणे एम८ टॅपची दांडी ८ मिमी आणि चौकोन ६.३ असतो. डिन ३५२ या जर्मन मानकाप्रमाणे त्याच एम८ची दांडी ६ मिमी आणि चौकोन ४.९. बाहेरून मागवलेल्या स्टँडची होल्डर एका पद्धतीची आणि आपल्या डब्यातले टॅप दुसऱ्या पद्धतीचे, असं झालं की होल्डर पुन्हा बनवत बसावं लागतं. घेण्याआधी व्हर्नियर लावून आपल्याकडच्या टॅपच्या दांड्या मोजा.

ड्रिल मशीनच्या उलट-सुलट फिरणाऱ्या अटॅचमेंटबद्दल थोडक्यात. शेकड्याने होलं असतील, सगळी आरपार असतील आणि हात बसलेला असेल तर तिला तोड नाही. महिन्याला चार प्लेटींसाठी ती घेऊ नका.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? तुमच्याकडे बेंच ड्रिल आहे, म्हणजे अर्धा टॅपिंग स्टँड घरात आहेच. प्लेट वाइसमध्ये किंवा टेबलावर क्लॅम्प करा. ३.३चं होल मारा. प्लेट अजिबात न हलवता ड्रिल काढून काउंटरसिंकने तोंडाला ४.२पर्यंत चॅम्फर (उतार) द्या. मग मशीनचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. पट्टा पुलीवरून उतरवा, म्हणजे स्पिंडल हलका फिरेल. चकमध्ये टॅप लावा, डाव्या हाताने फीडच्या दांड्यावर हलका दाब ठेवून स्पिंडल वर जाऊ देऊ नका आणि उजव्या हाताने चक फिरवा. चार-पाच फेऱ्या झाल्या की टॅप स्वतःच आत ओढला जातो. तिथे चक ढिला करा, टॅप होलातच राहू द्या, स्पिंडल वर घ्या आणि टी-हँडल लावून बाकीचं हाताने संपवा. सुरुवात मशीनने सरळ केली, पुढची जाणीव बोटांकडे राहिली. होल आणि टॅप एकाच रेषेत येतात कारण प्लेट मधे हललेलीच नाही. चौदा होलं असतील तर प्रत्येकाला ड्रिल, चॅम्फर, टॅप असा क्रम लावावा लागतो. कंटाळवाणं आहे, मान्य.

तो कंटाळा टाळायचा तर स्प्रिंगचा टॅप गाइड घ्या किंवा करा. चकमध्ये धरायची एक छोटी नळी, तिच्यातून स्प्रिंगने खाली ढकललं जाणारं टोक. ते टोक टॅप हँडलच्या माथ्यावरच्या खड्ड्यात बसतं, हँडल फिरताना खाली येतं आणि टॅपला रेषेत धरून ठेवतं. लेथवरही टेलस्टॉकमध्ये हाच गाइड चालतो. करताना एक लक्षात घ्या: मोठ्या टॅपच्या मागच्या टोकाला सेंटरचा खड्डा असतो, पण लहान टॅपचं टोक बहुतेक वेळा बाहेर आलेलं, शंकूसारखं असतं. म्हणून गाइडची पिन एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला खड्ड्याची, अशी उलटवता येणारी ठेवा. लेथ आहे तुमच्याकडे, एका संध्याकाळचं काम आहे.

जिथे ड्रिल मशीन पोचत नाही तिथल्यासाठी ठोकळा. २५ मिमीचा चौरस बार, शक्य असेल तर ईएन८ पोलादाचा, नसला तर साधं एमएस (माइल्ड स्टील). त्यात ४.१, ५.१, ८.१ अशी होलं ड्रिल मशीनवर काटकोनात मारायची आणि खालच्या तोंडाला चांगला चॅम्फर द्यायचा, म्हणजे चिपला जागा मिळते. ठोकळा होलावर बसवायचा, वरून टॅप घालायचा. एम४चा आयएसओ टॅप ५३ मिमी लांब असतो, म्हणजे ठोकळ्याबाहेर पुरेसा उरतो. माझा ठोकळा मी शिकाऊ असताना केलेला आहे. ४.१चं होल झिजून ढिलं झालं तेव्हा शेजारी दुसरं मारलं, एवढीच त्याची देखभाल. ठोकळाही नसला तर गुण्या घ्या. दोन फेऱ्या झाल्या की हँडल काढून टॅपला समोरून आणि बाजूने गुण्या लावून बघा. त्या वेळी थोडासा तिरकेपणा सुधारतो. पाच फेऱ्यांनंतर सुधारायला गेलात तर टॅप तुटतो.

इथवर खर्चाचा हिशेब मांडला तर चार जबड्यांचं एक छोटं टी-हँडल, एक मधल्या मापाचं सरळ हँडल, सुटी ड्रिल, गाइडला आणि ठोकळ्याला लागणारा बार. पंधरा हजारांतले बरेच पैसे अजून हातात आहेत. ते टॅपवर घाला. गल्लीतल्या दुकानात पेटीसकट मिळणाऱ्या चाळीस नगांच्या सेटमध्ये टॅप बहुतेक कार्बन स्टीलचे असतात आणि त्यातली निम्मी मापं आयुष्यात लागत नाहीत. टोटेम, एमके, मिरांडा, अॅडिसन यांपैकी कुणाचेही एचएसएस टॅप सुटे घ्या, फक्त लागणाऱ्या मापांचे. एमके तर नागपूरचेच. तुमची होलं आरपार आहेत, तेव्हा एम४ला गन टॅप घ्या, ज्याच्या तोंडाशी खाच तिरकी घासलेली असते. तो चिप पुढे ढकलतो, त्यामुळे अर्धा पुढे पाव मागे करत बसावं लागत नाही, आणि खाचा उथळ असल्याने तो अंगाने मजबूतही असतो. बंद होलाला मात्र तो चालत नाही, चिप तळाशी ठासून बसते. तिथे तीन टॅपचा हँड सेट किंवा चिप वर काढणारा स्पायरल टॅप.

तेलाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. अॅल्युमिनियमला रॉकेल सर्वात चांगलं. ते मिळेनासं झाल्यापासून मी डिझेलमध्ये थोडं कटिंग ऑइल घालून वापरतो, आणि अडलं तेव्हा खोबरेल तेलावरही काम भागवलं आहे. कोरडं मारू नका, अॅल्युमिनियम टॅपच्या धारेला चिकटतं आणि पुढचा आटा ओरबाडून काढतं. बीड (ओतीव लोखंड) आणि पितळ कोरडंच मारलं तरी चालतं.

स्टँड कधी घ्यावा, तेही सांगून ठेवतो. एका बैठकीत पन्नासच्या वर होलं नेहमी पडू लागली, किंवा एम२, एम२.५ची कामं वाढली, तर घ्या. तोवर जुन्या बाजारात मोडकं ड्रिल स्टँड, खांब सरळ असलेलं, दिसलं तर उचलून ठेवा. खांब आणि बेस चांगला असला की वरचा हात आणि स्पिंडल तुमच्या लेथवर होतो.

आता प्लेटीत राहिलेला तुकडा. होल आरपार आहे, तेव्हा आधी मागून बघा. टॅपचं टोक खाली बाहेर आलं असेल तर प्लायरने पकडून टॅप आत गेला त्याच दिशेने, पुढे फिरवत खालून काढून घ्या. मागे फिरवलंत तर तुटलेला खडबडीत भाग चिपमध्ये अडकतो. टोक बाहेर नसेल तर ठोकाठोकी करू नका. एचएसएसवर साधं ड्रिल चालत नाही, ते घसरून शेजारच्या अॅल्युमिनियममध्ये जातं. एमआयडीसीत स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) टॅप काढून देणारे भेटतात, घाई असेल तर तिकडे जा. घाई नसेल तर किराणा दुकानातून तुरटी आणा. गरम पाण्यात विरघळेल तितकी विरघळवा, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात प्लेट त्यात बुडवा आणि पाणी कोमट ठेवत राहा. तुरटीचं पाणी पोलादाला खातं, अॅल्युमिनियमला जवळजवळ सोडून देतं, फक्त चकाकी जाते. टॅपमधून बारीक बुडबुडे निघताना दिसतील. कार्बन स्टीलचा टॅप लवकर खचतो, एचएसएसला बरेच दिवस लागतात. रोज पाणी बदला आणि तुकडा खिळ्याने हलवून बघा. प्लेटीत स्टीलच्या पिना किंवा बुश बसवले असतील तर ते आधी काढून घ्या, तुरटी त्यांनाही सोडणार नाही.